कोलामी कथनांची चित्रमुद्रणे व संपादनप्रणाली : एका अडचणीचे विवरण

कोलामी ही मध्य द्राविडी गटातील भाषा. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी इत्यादी तालुक्यांतील पोडांवर ती आजही बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणारे सर्व राज्यांत मिळून १,२८,४५१ लोक आढळले. भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनोव्ह यांनी तिची दखल घेतली, तेव्हा या जिल्ह्याचे 'वणी' हे नाव जाऊन 'यवतमाळ' हे नाव रूढ होण्यास जेमतेम एक वर्ष लोटले होते. पुढे १९५५ साली एम. बी. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. तो मुख्यतः वर्धा जिल्ह्यातील बोलीवर आधारलेला आहे; परंतु आमच्या भागातील कोणाही अभ्यासकास त्यापासूनच आरंभ करावा लागतो.

या सर्व सामग्रीचे एक साम्य असे की ती कानाने ऐकलेली व हाताने लिहिलेली आहे. सांगणारा बोलताना कोठे पाहत होता, 'तिकडे' म्हणताना त्याचा हात डोंगराकडे गेला की नाल्याकडे, हे त्या पानांवरून कळावयाचे नाही. दर्शक सर्वनामे, दिशावाचक क्रियाविशेषणे आणि अंतर दाखविण्याचे प्रकार यांचा अभ्यास ज्यास करावयाचा आहे त्याचे निव्वळ ध्वनिमुद्रणाने भागत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत आमच्या विद्यार्थ्यांनी पोडांवर जाऊन कथनांची चित्रमुद्रणे करावयास प्रारंभ केला. कॅमेरे स्वस्त झाले आहेत आणि प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलही चित्रमुद्रण करतो. अडचण उभी राहते ती घरी परतल्यावर. आणलेली फाईल संपादनाच्या प्रणालीत घ्यावयास जावे तर कधी ती घेतलीच जात नाही; कधी चित्र येते, आवाज येत नाही; कधी दोन्ही येतात, परंतु अडखळत येतात; आणि कधी सर्व काही सुरळीत आले असे वाटते. या शेवटच्या प्रकाराची भीती सर्वांत अधिक बाळगावयास हवी. ती का, हे पुढे येईलच.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण बहुतेक गोंधळ तो न केल्यामुळे होतो. फाईलच्या नावाच्या शेवटी जी अक्षरे असतात (एमपी-४, एमओव्ही, एमटीएस इत्यादी) ती केवळ वेष्टनाची नावे आहेत. त्या वेष्टनात चित्राचा एक प्रवाह, ध्वनीचा एक किंवा अनेक प्रवाह आणि ते परस्परांशी कोणत्या क्षणी जुळवावयाचे याची नोंद, अशा गोष्टी बांधलेल्या असतात. चित्र व ध्वनी हे ज्या संकेतपद्धतीने संक्षिप्त करून ठेवलेले असतात तिला 'कोडेक' म्हणतात. ही बाब सर्वस्वी निराळी. एच-२६४ या संकेताने बद्ध केलेले एकच चित्र एमपी-४ मध्येही राहू शकते, एमओव्हीमध्येही आणि एमटीएसमध्येही. उलटपक्षी, दोन एमपी-४ फायलींपैकी एकीत २००३ साली प्रमाणित झालेला एच-२६४ असेल आणि दुसरीत २०१३ चा एच-२६५; नाव एक असूनही एक उघडेल व दुसरी उघडणार नाही.

भाषेच्या अभ्यासकास हा भेद परका नाही. मराठी मजकूर बाळबोधीत लिहिला काय अथवा मोडीत लिहिला काय, भाषा मराठीच राहते. ज्यास मोडी वाचता येत नाही त्याच्यासाठी लिप्यंतर पुरेसे असते, भाषांतर करावे लागत नाही. त्याचप्रमाणे, संपादनप्रणालीस चित्राचा संकेत समजत असून केवळ वेष्टन समजत नसेल, तर वेष्टन बदलणे एवढेच काम उरते. चित्राच्या एकाही बिंदूस धक्का लागत नाही व तासाभराच्या मुद्रणाचे हे काम काही मिनिटांत उरकते. संकेतच समजत नसेल तर मात्र चित्र उलगडून दुसऱ्या संकेतात पुन्हा बांधावे लागते. हे भाषांतर होय, आणि प्रत्येक भाषांतरात काही ना काही गळते. आमच्या विद्यार्थ्यांची नेहमीची चूक ही, की जेथे लिप्यंतराने भागले असते तेथे ते भाषांतर करून बसतात. आणि तेही महाजालावर सापडलेल्या पहिल्याच रूपांतरकाने, तो कोणते पर्याय आपणहून निवडतो हे न पाहता.

या उपमेस मर्यादा आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसल्यामुळे बाळबोधीतून मोडीत जाताना काही हरवतेच. वेष्टनबदलातही कॅमेऱ्याने नोंदविलेली तारीख व वेळ कधी कधी मागे राहून जाते. म्हणून मूळ फाईल टाकून देऊ नये.

फाईलच्या पोटात काय आहे हे पाहण्यासाठी 'मीडियाइन्फो' हे विनामूल्य साधन पुरेसे आहे. त्यात चित्राचा संकेत, दर सेकंदास फ्रेम किती, ती संख्या स्थिर की बदलती, ध्वनीचा संकेत व त्याचे दर सेकंदाचे नमुने किती, या पाच गोष्टी पाहून वहीत टिपाव्यात. वेष्टनबदल व रूपांतर या दोहोंसाठी 'एफएफएमपेग' हे साधन वापरतात. फाब्रिस बेलार यांनी २००० साली ते सुरू केले. त्यात चित्र व ध्वनी या दोहोंच्या संकेतांच्या जागी 'कॉपी' एवढा शब्द लिहिला म्हणजे ते काहीही न उलगडता केवळ वेष्टन बदलते. ज्यांस आज्ञा टंकित करण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी त्याच्याच आधारावर रचलेली, बटणे दाबून चालणारी साधनेही आहेत.

आता, संकेत समजत असूनही चित्र अडखळत चालते याचे कारण. जुन्या डीव्ही फितीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठविलेली असे. कोणत्याही क्षणी कापावे आणि पुढे जावे. एच-२६४ चे तसे नाही. त्यात काही थोड्या फ्रेम पूर्ण असतात आणि मधल्या फ्रेममध्ये केवळ मागच्या-पुढच्या फ्रेमपासून झालेला फरक नोंदविलेला असतो. अशी एखादी मधली फ्रेम दाखवावयाची म्हणजे संगणकास आधी शेजारच्या फ्रेम उलगडाव्या लागतात. पाहण्यासाठी ही रचना उत्तम, कारण फाईल लहान राहते. शब्दाशब्दावर थांबून मागे-पुढे जाण्यासाठी ती त्रासदायक. यावर उपाय म्हणजे संपादनापुरती एक मध्यस्थ प्रत करणे. त्यासाठी अ‍ॅव्हिडचा डीएनएक्सएचडी किंवा अ‍ॅपलचा प्रोरेझ हे संकेत वापरतात. त्यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण असते. किंमत मोजावी लागते ती जागेची. दर सेकंदास २४ मेगाबिट या वेगाने मुद्रित केलेला एक तास सुमारे ११ गिगाबाइट जागा घेतो. तोच तास पूर्ण एचडी आकारात, २५ फ्रेमने, प्रोरेझ ४२२ मध्ये सुमारे ५५ गिगाबाइट घेतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपवर हे परवडणारे नव्हे. त्याने लहान आकाराची तात्पुरती प्रत करून तीवर काम करावे व शेवटी मूळ फाईल तिच्या जागी जोडावी. बहुतेक संपादनप्रणालींत तशी सोय असते.

आवाज न येण्याचे कारण बहुधा ध्वनीच्या संकेतात असते. सोनी व पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत चित्र एच-२६४ चे, परंतु ध्वनी पुष्कळदा एसी-३ या संकेताचा असतो. सर्वच प्रणाली तो वाचतात असे नाही. ज्या वाचत नाहीत त्या चित्र घेतात आणि ध्वनीविषयी मौन पाळतात. उपाय सोपा आहे : चित्र 'कॉपी' करावे आणि ध्वनी तेवढा उलगडून साध्या, असंक्षिप्त पीसीएम रूपात ठेवावा. त्यासाठी एमओव्हीचे वेष्टन घ्यावे. एमपी-४ मध्ये पीसीएम सर्वत्र चालत नाही.

आता ज्या प्रसंगावरून हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो.

एका विद्यार्थिनीने केळापूर तालुक्यातील एका पोडावर एका वृद्ध गृहस्थांचे वीस मिनिटांचे कथन मुद्रित केले. लहानपणी वाघाच्या भीतीने पोड एका जागेवरून दुसऱ्या जागी कसे हलले, याची ती हकीकत होती. हातवाऱ्यांच्या अभ्यासास याहून अनुकूल सामग्री मिळणे कठीण, कारण गृहस्थ ज्या अंगणात बसले होते तेथून जुनी जागा दिसत होती आणि ते वारंवार तिकडे बोट करीत होते. विभागात त्या वेळी असलेला कॅमेरा कोणाच्या तरी नातेवाइकाने परदेशातून आणलेला होता व तो दर सेकंदास २९.९७ फ्रेम या वेगानेच मुद्रण करी. त्याच्या जोडीला ध्वनिमुद्रणाचे स्वतंत्र यंत्र ठेवले होते. ही पद्धत योग्यच आहे. ध्वनिविश्लेषणासाठी कॅमेऱ्याच्या आवाजावर विसंबू नये.

परतल्यावर फाईल संपादनप्रणालीत घेतली. चित्र आले, आवाज आला नाही. ध्वनी एसी-३ चा होता. विद्यार्थिनीने सरळ विचार केला, की चांगला ध्वनी स्वतंत्र यंत्रात आहेच, कॅमेऱ्याच्या आवाजाची गरजच काय? तिने चित्राचीच तेवढी नवी प्रत काढली, आणि ती प्रत व स्वतंत्र यंत्राची डब्ल्यूएव्ही फाईल, अशा दोन्ही 'एलान'मध्ये जोडून टिपणास बसली. (नायमेखेन येथील माक्स प्लांक मनोभाषाशास्त्र संस्थेची ही टिपणप्रणाली वाचकांस परिचित आहेच. ती चित्र व ध्वनी स्वतःत सामावून घेत नाही; निराळ्या फायलींकडे बोट दाखविते आणि टिपणाची वेळ मिलिसेकंदांत नोंदविते.) आरंभी वाजविलेल्या टाळीवरून तिने दोन्ही फायली नीट जुळवून घेतल्या होत्या.

दोन महिन्यांनी तिने निष्कर्ष आणून दाखविला. दर्शक शब्द उच्चारला जाण्यापूर्वी हात उठतो, आणि हे अंतर कथनाबरोबर वाढत जाते : आरंभी जवळजवळ शून्य, मध्यास सुमारे अर्धा सेकंद, शेवटी सेकंदाहून थोडे अधिक. हात शब्दाच्या किंचित आधी चालतो हे अ‍ॅडम केंडन व डेव्हिड मॅकनील यांच्या लेखनामुळे सर्वमान्य आहे. परंतु हे अंतर असे क्रमाने वाढते, ही गोष्ट नवी होती. प्रस्तुत लेखकाने, हे कबूल केले पाहिजे, त्यास एक उपपत्तीही जोडली : वृद्ध माणूस स्मृतीत जसजसा खोल उतरतो तसतसे त्यास स्थळ आधी दिसू लागते व शब्द मागून येतो. उपपत्ती आकर्षक होती. एका परिसंवादासाठी निबंधाचा मसुदाही तयार झाला.

संशय आला तो आलेख पाहून. बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत पडले होते. माणसाचे बोलणे इतके सरळ रेषेत चालत नाही, घड्याळ चालते. मुद्रण संपविताना विद्यार्थिनीने दुसऱ्यांदा टाळी वाजविली होती, ही तिची शिस्त आमच्या उपयोगी पडली. ती टाळी शोधून काढली, तेव्हा चित्रातील हात ध्वनीतील आवाजाच्या १.२ सेकंद आधी एकमेकांवर आपटत होते.

कारण असे. संपादनप्रणालीत प्रकल्पाचा वेग ३० फ्रेम ठरविलेला होता. मूळ २९.९७ ही संख्या वस्तुतः ३०,००० भागिले १,००१ अशी आहे. चित्र आत घेताना त्यातील फ्रेम जशाच्या तशा राहिल्या, परंतु त्या दर सेकंदास ३० या वेगाने मांडल्या गेल्या. त्यामुळे १,२०० सेकंदांचे चित्र १,१९८.८ सेकंदांत संपू लागले. हजारात एक हा फरक डोळ्यांस जाणवत नाही. वीस मिनिटांत तो १.२ सेकंद होतो आणि तासाभरात ३.६ सेकंद. ध्वनी निराळ्या यंत्राचा असल्यामुळे त्याची लांबी खरी राहिली. कॅमेऱ्याचा मूळ आवाज सोबत असता तर चित्राशी त्याचा बेबनाव झाल्यावाचून राहिला नसता, आणि ओठ व शब्द यांची फारकत कोणाच्याही ध्यानी आली असती. न समजलेल्या ध्वनिसंकेताने पहिली अडचण निर्माण केली आणि दुसरी अडचण झाकूनही ठेवली.

दुरुस्ती त्या मानाने सोपी ठरली. शब्दांची टिपणे ध्वनीवरून केलेली असल्यामुळे ती बरोबरच होती. हातवाऱ्यांच्या टिपणांच्या वेळा, पहिल्या टाळीपासून मोजून, १.००१ ने गुणिल्या की झाले. तसे केल्यावर वाढते अंतर नाहीसे झाले. हात शब्दाच्या किंचित आधी किंवा त्याच्याबरोबर चालतो एवढेच, मॅकनील यांनी १९९२ च्या ग्रंथात सांगितले होते तेच, शिल्लक राहिले. परिसंवादास निबंध पाठविला नाही. तो पाठविला असता व कोणी खरा धरला असता तर तो तपासावयास पुन्हा त्या गृहस्थांकडे जाण्याची सोय नव्हती. तोपर्यंत ते निवर्तले होते.

मोबाईलच्या मुद्रणात हा दोष अधिक कपटी रूपात आढळतो. तेथे फ्रेमचा वेग स्थिर नसतो. प्रकाश कमी झाला, यंत्र तापले, की तो कमी-जास्त होतो. पुष्कळ संपादनप्रणाली तो स्थिर आहे असे गृहीत धरतात. मग चित्र कधी ध्वनीच्या पुढे तर कधी मागे सरकते, आणि एकाच गुणकाने दुरुस्ती करता येत नाही. अशी फाईल संपादनप्रणालीत घेण्यापूर्वीच एफएफएमपेगने स्थिर वेगाची करून घ्यावी. येथे लिप्यंतर पुरत नाही, भाषांतर करावेच लागते. मुद्रण करतानाच २५ फ्रेम निवडता आल्यास उत्तम. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० असल्याने ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकण्याचा त्रासही त्यामुळे टळतो. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते हेही विसरू नये; ओठ मिटण्याचा नेमका क्षण त्याहून सूक्ष्म प्रमाणात ठरविल्याचा दावा करणारे टिपण चित्रावरून केलेले असू शकत नाही.

ध्वनीच्या नमुन्यांविषयीही तोच न्याय. चित्रमुद्रणात दर सेकंदास ४८,००० नमुने ही रूढी आहे, संगीताच्या तबकडीत ४४,१०० ही. ४४,१०० ची फाईल ४८,००० ची समजून वाजविली गेली तर स्वर सुमारे नऊ टक्क्यांनी चढतो. ज्यास स्वराघातांचा वा स्वरांच्या गुणधर्मांचा अभ्यास करावयाचा आहे त्याची सर्व मोजमापे एका निवडीपायी वाया जातील. स्वतंत्र यंत्रावर प्रथमपासूनच ४८,००० ठेवावे. तरीही दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. म्हणून दीर्घ कथनात मधूनमधून, सांगणाऱ्याचा रसभंग न होईल अशा बेताने, टाळी वाजवावी.

शेवटी कार्डावरील फायली उतरवून घेण्याविषयी. एव्हीसीएचडी पद्धतीत कार्डावर 'प्रायव्हेट' नावाच्या कप्प्यात कप्प्यांची एक उतरंड असते व प्रत्यक्ष चित्र तळच्या 'स्ट्रीम' या कप्प्यात. उत्साही विद्यार्थी तेवढ्या फायली उचलून घेतो. त्याने दोन अनर्थ संभवतात. दीर्घ मुद्रण कॅमेरा स्वतःच दोन किंवा चार गिगाबाइटच्या तुकड्यांत विभागतो आणि ते तुकडे कसे जोडावयाचे याची माहिती वरच्या कप्प्यांत असते. ती मागे राहिली तर सांध्यावर काही फ्रेम किंवा एखादे अक्षर गळते. दुसरा अनर्थ अधिक गंभीर. नवीन कार्डावर फायलींचे क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकतात. दोन कार्डे एकाच कप्प्यात उतरविली, आणि संगणकाने 'या नावाची फाईल आहे, बदलू का?' असे विचारले असता थकलेल्या माणसाने 'होय' म्हटले, की पहिल्या दिवसाचे मुद्रण गेले. प्रस्तुत लेखकाने असे एकदा 'होय' म्हटले आहे. दंडारीची एक पूर्ण रात्र त्यात गेली. तेव्हापासून प्रत्येक कार्डासाठी तारीख व गावाच्या नावाचा स्वतंत्र कप्पा करावयाचा, त्यात संपूर्ण कार्ड जसेच्या तसे उतरवावयाचे, मूळ व प्रत यांची 'चेकसम' जुळल्याखेरीज कार्ड पुसावयाचे नाही, आणि संपूर्ण प्रत दोन निराळ्या तबकड्यांवर ठेवावयाची, असा विभागाचा परिपाठ आहे. एफएटी-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर चार गिगाबाइटहून मोठी फाईल मावत नाही, हेही निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. पांढरकवड्याच्या बसस्थानकावर ते कळून उपयोग नसतो.

ग्रीअर्सनच्या सर्वेक्षणासोबत १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर हिंदुस्थानातील भाषांचे नमुने मुद्रित केले गेले. ते आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयात ऐकावयास मिळतात. तबकडीची खाच सुईने वाचता येते. संकेताची तशी सोय नाही, तो उलगडणारी प्रणाली जवळ असावी लागते. म्हणून मूळ फाईलबरोबर तिचा संकेत, वेग व नमुने यांची टिपणी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवीत जावी. आमच्याकडे ती मराठीतून व इंग्रजीतून ठेवली जाते.

त्या वृद्ध गृहस्थांच्या नातवाने विभागात येऊन आजोबांच्या कथनाची प्रत मागितली. त्यास एलानचे टिपण नको होते आणि प्रोरेझचे वीस मिनिटांचे वीसएक गिगाबाइटही नको होते; पोडावरील मोबाईलवर चालेल आणि एकाकडून दुसऱ्यास देता येईल असे काहीतरी हवे होते. त्यासाठी एच-२६४ चे चित्र, ७२० ओळींच्या आकाराचे, एएसी ध्वनी, एमपी-४ चे वेष्टन, वेग मूळचाच, अशी प्रत करून दिली. ध्वनी मात्र स्वतंत्र यंत्राचा घेतला आणि दोन्ही टाळ्यांवर तपासून जोडला. प्रत हातात घेतल्यावर त्याने प्रथम शेवटचा भाग लावून पाहिला, आणि आजोबा बोट करतात ती जागा आता कोणाच्या शेतात आहे हे सांगितले. टिपणात ती नोंद नव्हती. ती त्याच दिवशी घातली.